का अजगराची बाजू

एखाद्या मुलाच्या दप्तरात कॉमिक सापडले की घरातील वडीलधारी माणसे हमखास विचारतात, "अभ्यासाची पुस्तके संपली वाटते?" मूल कार्टून पाहत बसले तरी हाच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत येतो. ज्याला वाचनाचा कंटाळा येतो तोच चित्रांकडे वळतो, असा त्यांचा पक्का समज असतो. मी लहानपणापासून कॉमिक आणि कार्टून या दोन्हींचा चाहता आहे आणि मला हा समज मान्य नाही. कार्टून काढणाऱ्यांविरुद्ध माझीही एक तक्रार आहे, पण ती निराळी आहे. ती मांडण्याआधी वडीलधाऱ्यांना उत्तर देतो.

अमीर हमझाची दास्तान तुमच्यापैकी कित्येकांना ठाऊक असेल. देव, पऱ्या, जादूगार, अय्यार आणि लढाया यांनी ती खच्चून भरलेली आहे. बादशहा अकबराला ही दास्तान फार आवडे. १५६२ च्या सुमारास त्याने आपल्या चित्रशाळेला या दास्तानची चित्रे काढण्याचे काम दिले. इराणातून आलेले मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोन उस्ताद एकामागून एक या कामाचे प्रमुख होते. काम सुमारे १५ वर्षे चालले आणि जवळजवळ १४०० चित्रे तयार झाली. ती कापडावर रंगवलेली असून एकेक चित्र दोन फुटांहून अधिक उंच आहे. चित्राच्या पाठीमागे मजकूर लिहिलेला आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांनी समोर चित्र पाहावे आणि मागचा मजकूर वाचून दाखवला जावा, अशी ही सोय. यालाच 'हमझानामा' म्हणतात. माझ्या मते हे आपल्या देशातले एक फार मोठे कॉमिकच होय, आणि त्याचा वाचक साक्षात बादशहा होता!

या चित्रांपैकी आज २०० सुद्धा शिल्लक नाहीत. उरलेली जगभरच्या संग्रहालयांत विखुरली आहेत. १८८१ साली लंडनच्या एका संग्रहालयासाठी खरेदी करायला आलेल्या गृहस्थाला काही चित्रे श्रीनगरमध्ये मिळाली. त्यांतली काही तेथे चक्क खिडक्या झाकण्यासाठी लावलेली होती. कॉमिकची किंमत न कळणारी माणसे त्या काळीही होती म्हणायची!

बादशहाच्याच दरबारात हे चाले असेही नाही. आपल्या महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाजातील कलावंत 'चित्रकथी' ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपत आले आहेत. रामायण-महाभारतातील प्रसंगांच्या चित्रांची एक थप्पी असते. तिला पोथी म्हणतात. एकेक चित्र उचलून समोर धरायचे आणि वाद्यांच्या साथीवर ती कथा गाऊन सांगायची. समोर शेतकरी, मजूर, बायका, मुले बसलेली असतात. चित्र आणि शब्द एकत्र आले म्हणून गोष्ट हलकी झाली, असे या मंडळींना कधी वाटले नाही.

आता माझी तक्रार. तिचा संबंध रूपांतराशी आहे. पुस्तकाचे कार्टून होते, कार्टूनचे कॉमिक होते, कॉमिकचा चित्रपट होतो. अशा रीतीने एका घरातील गोष्ट दुसऱ्या घरी नांदायला गेली की तिला थोडे बदलावे लागते. हे मला मान्य आहे. 'चिंटू'चेच पाहा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा चिंटू १९९१ साली 'सकाळ' या दैनिकात अवतरला. तीन-चार चौकटींत त्याची गंमत सुरू होऊन संपत असे. २०१२ साली त्याच्यावर मराठी चित्रपट निघाला. आता तीन-चार चौकटींवर दोन तासांचा चित्रपट कसा काढणार? त्याला मोठे कथानक लागते, खलनायक लागतो, गाणी लागतात. चौकटीतला चिंटू वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. पडद्यावर खरा मुलगा उभा करावा लागतो आणि दुसऱ्या चित्रपटापर्यंत तो वाढतो. असे बदल ज्याला खपत नाहीत त्याने चित्रपटगृहात जाऊ नये. माझी हरकत त्या बदलाला आहे, ज्यामुळे गोष्ट ज्या खांबावर उभी आहे तो खांबच काढून घेतला जातो. असा खांब काढल्याचे ठळक उदाहरण म्हणजे मोगलीची गोष्ट. त्यात सर्वांत मोठा अन्याय झाला आहे तो एका अजगरावर.

मोगलीचा जनक रुडयार्ड किपलिंग हा इंग्रज लेखक मुंबईचा. म्हणजे जन्माने मुंबईचा. त्याचे वडील सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकवत. त्याच आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी किपलिंग जन्मला. 'द जंगल बुक' हे पुस्तक मात्र त्याने अमेरिकेत राहत असताना लिहिले. ते १८९४ साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याचा दुसरा भाग आला. कथा घडते ती मध्य प्रदेशातील सिवनीच्या डोंगरांत आणि वैनगंगेच्या काठी. हीच वैनगंगा पुढे आपल्या भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांतून वाहते. किपलिंगचे सगळेच विचार मला पटत नाहीत. इंग्रजांनी आपल्यावर राज्य करावे हे त्याला योग्य वाटे, आणि त्याच्या पुस्तकातील खेडूत बहुतेक भोळसट नाहीतर दुष्ट आहेत. पण जनावरांची गोष्ट सांगावी तर त्यानेच.

या पुस्तकातील नावे पाहा. भालू, बघीरा, शेर खान, अकेला, हाथी, रक्षा, बंदर-लोग. इंग्रज मुलांना या शब्दांचे अर्थ समजावून सांगावे लागतात. तुम्हांला एकाचाही अर्थ कोणी सांगायला नको. मोगली हा शब्द तेवढा किपलिंगने स्वतः बनवला आणि त्याचा अर्थ बेडूक असा ठरवून टाकला. आणि अजगराचे नाव आहे 'का'. मराठीत हे नाव घेतले की समोरच्याला वाटते आपण प्रश्नच विचारतो आहोत. माझा प्रश्नही खरोखर तोच आहे: का? कार्टूनवाल्यांनी 'का'ला खलनायक का केले?

मूळ पुस्तकात काय आहे ते सांगितल्याशिवाय हा प्रश्न कळणार नाही.

पुस्तकातील भालू हा वयस्कर, गंभीर आणि शिस्तीचा उस्ताद आहे. लांडग्यांच्या पिलांना तो जंगलाचा कायदा शिकवतो. लांडग्याच्या पिलाला स्वतःच्या टोळीपुरता कायदा आला की पुरे. मोगली मात्र माणसाचे पोर, म्हणून त्याला पुष्कळ जास्त शिकावे लागते. जंगलात जितक्या जमाती आहेत तितक्या बोली त्याला याव्या लागतात. पक्ष्यांच्या राज्यात गेला तर पक्ष्यांच्या बोलीत, सापांच्या वस्तीत गेला तर सापांच्या बोलीत, 'मी परका नाही, तुमच्यातलाच आहे' हे त्याला सांगता आले पाहिजे. प्रत्येक जमातीचे हे वाक्य तो घोकतो. चुकला की भालूच्या पंजाचा मार खातो. बघीरा हा काळा बिबट्या मध्ये पडतो आणि एवढ्याशा पोरावर इतका ताण कशाला, असे विचारतो. त्यावर भालूचे उत्तर असे की, या लहान जिवाला जंगलात मारणारे पुष्कळ आहेत. न शिकल्यामुळे त्यांच्या हाती सापडण्यापेक्षा माझ्या हातचा मार बरा. माराचे समर्थन मी करणार नाही. तो काळही गेला. पण भालूची काळजी खरी होती हे लवकरच दिसून येते.

धड्यानंतर दुपारच्या झोपेत माकडे मोगलीला पळवतात. झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत ती त्याला घेऊन जातात. खाली पाहावे तर डोळे फिरतात. वर पाहावे तर आकाशात एक घार. मोगली घारीच्या बोलीत तिला साद घालतो आणि आपण कुठे नेले जात आहोत ते भालू-बघीराला कळवायला सांगतो. घार चकित होते. माणसाचे पोर आणि आपली बोली! ती निरोप पोचवते. इकडे माकडे मोगलीला एका ओसाड, पडक्या शहरात आणतात आणि वरून फुटलेल्या छपरातून एका बंद दालनात ढकलतात. दालनात नाग भरलेले. मोगली अंधारात उभ्याउभ्या सापांच्या बोलीतले ते वाक्य म्हणतो. नाग फणा खाली करतात आणि पायांनी आम्हांला दुखवू नकोस म्हणून त्याला जागच्या जागी उभे राहायला सांगतात.

म्हणजे मोगलीचा जीव दोनदा वाचला तो हातातल्या शस्त्रामुळे वाचला नाही, घोकलेल्या धड्यामुळे वाचला. स्वतःच्या घरी एक भाषा आणि शाळेत आणखी तीन भाषा शिकणाऱ्या मुलांना ही गोष्ट विशेष आवडावी. मला तरी ती त्याचमुळे आवडते.

आता काचा प्रवेश. शेकडो माकडांपुढे भालू आणि बघीरा दोघेच काय करणार? माकडे जंगलात फक्त एकालाच भितात. तो म्हणजे का. तीस फूट लांब, झाडावर माकडांसारखाच सहज चढणारा आणि रात्री फांदीवर निजलेले माकड अलगद उचलणारा. भालू-बघीरा त्याच्याकडे जातात तेव्हा त्याने नुकतीच कात टाकलेली असते आणि स्वारी आपल्या नव्या कातड्याकडे कौतुकाने पाहत उन्हात पडलेली असते. माकडे आपल्याला काय काय नावे ठेवतात हे ऐकून तो चिडतो आणि निघतो. त्याच्या डोक्याच्या धडकांनी संगमरवरी जाळी फुटते आणि मोगली बाहेर येतो. मग चांदण्यात का आपले ते प्रसिद्ध नृत्य करतो. त्याच्या वेटोळ्यांकडे पाहता पाहता माकडे भान हरपून एकेक पाऊल त्याच्याकडे येऊ लागतात. भालू आणि बघीरासुद्धा ओढले जातात. मोगली त्यांना हात लावून भानावर आणतो. माणूस असल्यामुळे त्याच्यावर त्या नाचाची जादू चालत नाही.

पाहा, किती चांगला प्रसंग आहे! का मित्र आहे तरी भीतिदायक आहे. त्याची भूक खोटी नाही आणि त्याची मदतही खोटी नाही. पुढे दुसऱ्या भागात दख्खनमधून रानकुत्र्यांची मोठी झुंड लांडग्यांवर चालून येते, तेव्हाही वाचण्याचा उपाय दाखवतो तो काच. नदीकाठच्या कड्यांत रानमाश्यांची असंख्य पोळी आहेत, हे त्याला ठाऊक असते. त्या माश्यांच्या वाटेवर झुंडीला ओढून न्यायची युक्ती त्याचीच. एवढ्या वर्षांचा अनुभव त्या जंगलात दुसऱ्या कोणापाशी नाही.

आणि १९६७ साली आलेल्या डिस्नेच्या कार्टूनपटात या काचे काय केले? त्याला डोळे गरगर फिरवून पोरांना गुंगवणारा आणि गिळू पाहणारा लबाड साप केले. तोही धड भयंकर नाही. दोनदा फसतो आणि शेपटीला गाठ बसून फरफटत निघून जातो. लोक हसतात. भालूचा उस्ताद गेला आणि खाऊन पिऊन मजेत राहणारा, नाचणारा मित्र आला. घोकंपट्टी नाही, बोली नाहीत, कायदा नाही. ओरँगउटानांचा एक राजा मात्र नव्याने आणला. ओरँगउटान फक्त बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवरच्या जंगलांत राहतो. तो सिवनीला कसा पोचला हे चित्रपटात कोणी सांगत नाही.

हा चित्रपट वाईट आहे असे मात्र मी म्हणणार नाही. हाताने काढलेली त्यातली चित्रे सुंदर आहेत. अस्वलाचे जड शरीर नाचताना कसे हलेल हे ज्यांनी काढले त्यांच्या हाताला सलाम करावा. एवढेच की तो मोगलीचा चित्रपट नाही. असे का घडले याचाही इतिहास आहे. बिल पीट नावाच्या चित्रकार-लेखकाने आधी पुस्तकाच्या जवळ जाणारी, काहीशी गंभीर कथा तयार केली होती. वॉल्ट डिस्ने यांना ती फार काळोखी वाटली. त्यांना हलकाफुलका चित्रपट हवा होता. दोघांचे बिनसले आणि पीट यांनी काम सोडले. डिस्ने यांचे १९६६ च्या डिसेंबरमध्ये निधन झाले. चित्रपट पडद्यावर आला तो त्यानंतर. सापाला मित्र म्हणून प्रेक्षक पसंत करणार नाहीत, असाही हिशेब यामागे दिसतो.

नेमका हाच हिशेब मला खटकतो. साप म्हणजे दुष्ट, हे लोकांना आधीच वाटते. जे सर्वांना आधीच वाटते तेच पुन्हा दाखवण्यात धाडस काय? किपलिंगने वाचकांचा समज उलटा केला होता. कार्टूनने तो पुन्हा सुलटा करून दिला. आपल्याकडे तर याचा संबंध खऱ्या अजगरांशी येतो. अजगर बिनविषारी असतो. तो भक्ष्याला वेटोळ्यांत आवळून मारतो आणि उंदीर, घुशीही खातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. तरीसुद्धा शेतात अजगर निघाला की आधी काठ्या निघतात आणि मग सर्पमित्राला निरोप जातो. चित्रातला साप नेहमी लबाडच पाहिलेल्या मुलाच्या हातात पुढे कधी काठी आली, तर तो कायदा वाचायला थांबेल का?

काही जण म्हणतील, पडद्यावर बोली दाखवणे अशक्यच आहे. पुस्तकात 'तो घारीच्या बोलीत म्हणाला' एवढे लिहिले की भागते. पडद्यावर तो शब्द ऐकवावा लागतो, आणि प्रेक्षकाला कळेल अशी एकच भाषा सर्व प्राण्यांना बोलावी लागते. यात थोडे तथ्य आहे. पण कॉमिकवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. रने गोसिनी आणि अल्बेर उदेर्झो यांचे 'अ‍ॅस्टरिक्स' हे फ्रेंच कॉमिक १९५९ पासून निघू लागले. त्यात जर्मन टोळीवाले बोलू लागले की फुग्यातली अक्षरे जुन्या जाड, काटेरी वळणाची होतात. इजिप्तचे लोक बोलले की फुग्यात चक्क चित्रलिपी येते. वाचकाला क्षणात कळते की भाषा बदलली. घारीसाठी एक वळण, नागांसाठी वळवळती अक्षरे, माकडांसाठी वेडीवाकडी. किती सोपे आहे! कार्टूनमध्ये हेच आवाजाने साधता येईल. घारीची शीळ ऐकवा, सापाचा फूत्कार ऐकवा आणि खाली एक ओळ लिहा.

मोगलीचे रूपांतर इतरांनीही केले आहे. १९४२ सालच्या इंग्रजी चित्रपटात मोगलीचे काम म्हैसूर संस्थानातील एका माहुताच्या मुलाने केले. त्याचे नाव साबू. त्याआधी १९४० साली तो 'द थीफ ऑफ बगदाद' या चित्रपटात अबू नावाचा चोर झाला होता. हिंदी महासागराच्या अलीकडचा हा मुलगा त्या काळी जगभर प्रसिद्ध झाला.

पण माझ्या पिढीचा मोगली म्हणजे दूरदर्शनचा. जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ साली ५२ भागांची ही मालिका काढली. १९९३ साली दूरदर्शनने ती हिंदीत दाखवली. रविवारी सकाळी रस्त्यांवर मुले दिसत नसत. आपल्याकडच्या मालिकेसाठी गुलजार यांनी शीर्षकगीत लिहिले आणि विशाल भारद्वाज यांनी त्याला चाल दिली. शेर खानला आवाज दिला नाना पाटेकर यांनी. विचार करा: मुंबईत जन्मलेल्या इंग्रजाची अमेरिकेत लिहिलेली कथा, जपानी चित्रकारांची चित्रे, उर्दूत लिहिणाऱ्या कवीचे गाणे आणि मराठी नटाचा आवाज! इतक्या हातांतून गेलेली गोष्ट बिघडायला हवी होती. ती बिघडली नाही. त्यात भरपूर बदल होते. मोगलीच्या हाती तर त्यांनी बूमरँग दिले होते. हे ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे हत्यार सिवनीत सापडणे म्हणजे ओरँगउटान सापडण्यासारखेच. पण त्यातला भालू मोगलीला शिकवणारा राहिला आणि का मोगलीचा मित्र राहिला. म्हणून बूमरँग मी माफ करतो.

२०१६ साली डिस्नेनेच नवा 'जंगल बुक' काढला. मोगलीचे काम करणारा मुलगा तेवढा खरा, जंगल आणि जनावरे सारी संगणकावर तयार केलेली. चित्रीकरण अमेरिकेतल्या स्टुडिओत झाले, पण ओले दगड, पावसाचे थेंब आणि वाघाच्या मानेचे केस यांकडे पाहून तसे वाटत नाही. या वेळी ओरँगउटानची चूक त्यांनी दुरुस्त केली. त्याच्या जागी फार पूर्वी नष्ट झालेल्या महाकाय वानराला आणले. बरे केले. मग काची दुरुस्ती का नाही केली? इथेही का गुंगवून गिळायलाच निघालेला आहे. फरक इतकाच की आता आवाज बाईचा. हिंदी आवृत्तीत प्रियांका चोप्रा यांचा. भालूला इरफान खान यांचा आवाज होता आणि तो ऐकताना मला भालूचा राग आला नाही, हे मान्य करतो. पण मोगलीकडून मध काढून घेणारा ऐतखाऊ भालू तो भालू नव्हे. शेर खान पुन्हा नाना पाटेकर. त्या आवाजाला २३ वर्षांनीही तोड नव्हती.

२०१८ साली आणखी एक चित्रपट आला. त्यात भालू कडक उस्ताद आहे आणि का ही जंगलाचे भूत-भविष्य जाणणारी वृद्ध अजगरी आहे. तिला खलनायिका केलेले नाही. पाहताना मी खूश झालो. पण तो चित्रपट इतका रक्ताळलेला आहे की लहान भावंडांना दाखवता येत नाही. आणि त्यातही बोलींचे धडे नाहीतच.

तेव्हा ते काम अजून शिल्लक आहे. कोणी मराठीत किंवा उर्दूत मोगलीची नवी चित्रकथा काढणार असेल तर माझी मागणी सोपी आहे. शेर खानला हवे तसे रंगवा. मोगलीला हवे तर चप्पल घाला. धड्याचा प्रसंग मात्र पूर्ण घ्या, आणि प्रत्येक बोलीला निराळी अक्षरे द्या. काला तर एका चौकटीत कोंबू नका. तीस फुटांच्या प्राण्याला समोरासमोरची दोन्ही पाने लागतील. मराठी आवृत्तीत तो डावीकडून उजवीकडे सरकेल. उर्दू आवृत्तीसाठी तेच चित्र उलटे छापून चालणार नाही. जपानी कॉमिकही उर्दूप्रमाणे उजवीकडून डावीकडे वाचतात. ती इंग्रजीत आणताना पूर्वी पाने आरशातल्यासारखी उलटी छापत, आणि सगळे तलवारबहाद्दर डावखुरे होऊन बसत. म्हणून चित्रकाराने थोडे कष्ट घ्यावेत आणि काला दोनदा काढावे: एकदा उजवीकडे तोंड करून, एकदा डावीकडे.